जिथे झाड होते तिथून डावीकडे

प्रवास करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचे लोक देवळे, राजवाडे आणि धबधबे पाहतात आणि रात्र कुठे काढली हे विसरून जातात. दुसऱ्या पंथाचे लोक रात्र कुठे काढली एवढेच लक्षात ठेवतात. या सदराच्या नियमित वाचकांना सांगायला नको, की आमचे घराणे दुसऱ्या पंथाचे. काशीयात्रेहून परतलेल्या आमच्या आजीला कोणी गंगेबद्दल विचारले, तर ती धर्मशाळेतल्या ढेकणांबद्दल सांगायची. गंगा काय, सगळ्यांनाच ठाऊक असते!

तेव्हा २०२४ सालच्या दिवाळीत आम्ही उभयतां मध्य अमेरिकेत मोटारीने हिंडून आलो, त्यातला मुक्कामांचा भाग तेवढा सांगतो. मध्य अमेरिका म्हणजे मेक्सिको आणि कोलंबिया यांच्या मधली चिंचोळी पट्टी. तिच्यात सात देश दाटीवाटीने बसले आहेत, जसे गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाडीत बसतात तसे. त्यांतले ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका हे पाच आम्ही केले.

जायचे कारण असे, की माझा पुतण्या सहा वर्षांपासून ग्वाटेमाला शहरात नोकरीला आहे. त्यातली चार वर्षे तो घरी आलेला नाही. निघताना वहिनीने आमच्याबरोबर दोन डबे चिवडा, एक डबा चकल्या आणि एक प्रश्न दिला होता. डबे पेटीत बसले. प्रश्न काही बसेना. "भाऊजी, तो परत कधी येणार एवढं विचारा. पण सरळ विचारू नका हं, बोलता बोलता विचारा." पुतण्याच्या नोकरीचा करार जानेवारीत पुन्हा व्हायचा होता. म्हणजे बोलता बोलता विचारायला आमच्यापाशी दोन आठवडे होते.

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, आपल्याकडे लक्ष्मीपूजन आणि तिकडे संतांचा सण होता. सुंपांगो नावाच्या गावी त्या दिवशी बांबू आणि पातळ रंगीत कागद यांचे घराएवढाले पतंग उभे करतात. गेलेल्या माणसांना निरोप पोचवायची ही तिथली तऱ्हा. स्मशानाला लागूनच जत्रा भरते, आणि थडग्यांशेजारी बसून लोक मक्याची कणसे खातात. आमची सौ. म्हणाली, "आपण पितर भादव्यात उरकून घेतो. यांनी दिवाळीला ठेवलेत." 

दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या जुन्या मोटारीतून निघालो. तिथल्या रस्त्यांची ओळख दोन गोष्टींनी होते. एक बस आणि दुसरी गतिरोधक. बस म्हणजे अमेरिकेतल्या शाळांनी निवृत्त केलेल्या पिवळ्या गाड्या. ग्वाटेमालात येऊन त्या नव्याने संसार थाटतात. लाल, हिरवा, जांभळा रंग, चकचकीत पत्रे, वर देवाचे नाव, दारात लोंबकळत गावाच्या नावाचा पुकारा करणारा पोऱ्या. निवृत्तीनंतर इतका उत्साह आमच्या कचेरीतल्या एकाही माणसात मी पाहिला नाही. गतिरोधकाला तिथे 'तूमुलो' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ थडग्याचा उंचवटा. पहिल्या दिवशी अशा सव्वाशे थडग्यांवरून आमची मोटार गेली. मोजदाद सौ.ची, कारण मागच्या बाकावर ती बसली होती.

कोबान गावातल्या पहिल्या मुक्कामात अंघोळीचा प्रश्न आला. तिथे बंब नसतो. पाण्याच्या फवाऱ्याच्या डोक्यातच विजेचे तापकयंत्र बसवलेले असते आणि त्याच्या दोन तारा तुमच्या डोक्यावरून उघड्या जातात. पुतण्या बाहेरून सूचना देत होता, "काका, नळ हळू सोडा. फार सोडलात तर पाणी गार येतं. आणि वर हात लावू नका." मी विचारले, "लावला तर?" तो म्हणाला, "मग गरम-गार कळणार नाही." सौ.ने बादली मागून घेतली.

कोबानपासून पुढे लांक्विनच्या वाटेला लागलो. सेमुक चांपे म्हणून जागा आहे. तिथे काहाबोन नदी चुनखडीच्या नैसर्गिक पुलाखालून जाते आणि सुमारे तीनशे मीटर लांबीच्या त्या पुलाच्या पाठीवर मोरपंखी पाण्याची कुंडे उतरत गेलेली आहेत. कुंडे फारच सुंदर आहेत. पण मी दुसऱ्या पंथाचा, म्हणून परतीच्या संध्याकाळकडे वळतो.

त्या डोंगरात एक बारीक पाऊस पडतो, त्याला तिकडचे लोक 'चिपी-चिपी' म्हणतात. आपल्या रिपरिपीची सख्खी बहीणच. चिपी-चिपी दिवसभर चालली होती, आणि अंधार पडायच्या बेताला पुढच्या वळणावर दरड कोसळून रस्ता बंद झाला. एक मालमोटार, दोन मोटारसायकली आणि आम्ही, एवढा ताफा अडकला. मालमोटारीचा ड्रायव्हर शांतपणे झोपायला गेला. आम्ही गाडीत बसून चकल्यांचा डबा उघडला. इतक्यात वरच्या बाजूने बॅटरीचा उजेड आला आणि एक म्हातारी, बरोबर दहाबारा वर्षांची नात, अशा दोघी खाली उतरल्या. म्हातारी क्वेक्ची बोलणारी. ही तिथल्या माया लोकांची एक भाषा. नातीला स्पॅनिश येत होते. मग संभाषण असे चालले, की म्हातारीचे क्वेक्ची नात स्पॅनिशमध्ये करायची, पुतण्या ते मराठीत आणायचा आणि सौ. त्यावर सरळ म्हातारीला मराठीत उत्तर द्यायची. नवल म्हणजे शेवटचा टप्पाच सगळ्यात सुरळीत चालला होता.

म्हातारीने पहिल्यांदा जे विचारले ते ऐकून पुतण्या जरा थांबला. "काकू, ती विचारतेय, तुमचं काळीज आनंदात आहे ना? इकडे 'कसं काय' असंच विचारतात." सौ. म्हणाली, "सांग तिला, काळीज ठीक आहे, पाय ओले आहेत."

म्हातारीच्या घराला लागून वेलदोड्याची भट्टी होती. वाचकहो, आपल्या श्रीखंडातल्या वेलदोड्याचे मूळ माहेर सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचे डोंगर. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने तो या डोंगरांत नेला आणि तिथे तो असा रुजला, की आज जगात सर्वांत जास्त वेलदोडा परदेशी धाडणारा देश ग्वाटेमाला आहे. बराचसा माल अरबांच्या कॉफीत जातो. हिरवी बोंडे जाळीच्या मजल्यावर पसरतात, खाली लाकडाचा जाळ घालतात आणि गरम हवेवर ती वाळवतात. बाहेर पाऊस, आत ती ऊब आणि सगळ्या घराला करंज्या तळायच्या दिवशीचा वास! चार खंड ओलांडून दिवाळी आम्हांला त्या भट्टीशी गाठ पडली.

सौ.ने पिशवीतून चहाची पूड काढली. दूध नव्हते, गूळ होता. तिने वाळत घातलेल्यातली चार बोंडे उचलून म्हातारीकडे परवानगीसाठी पाहिले, ठेचली आणि चहात टाकली. म्हातारी टक लावून बघत होती. नातीने सांगितले, की आजी लहानपणापासून वेलदोडे तोडते, पण हे खातात कशात ते घरात कोणालाच माहीत नाही. व्यापारी येतो, वजन करतो, घेऊन जातो. अरब लोक त्यापासून औषध करतात, असे कोणी म्हणते. रंग करतात, असेही कोणी म्हणते. साठ वर्षे ज्याची बोंडे तोडली, त्याची चव म्हातारीने त्या रात्री पहिल्यांदा घेतली. एक घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग नातीला काहीतरी म्हणाली. पुतण्याने भाषांतर केले, "एवढ्यासाठी होय?"

निजायला आम्हांला जी खोली दिली ती घरातली एकुलती एक सिमेंटची. बाकी घर फळ्यांचे आणि मातीच्या जमिनीचे. हिला मात्र गुलाबी रंग, काचेची खिडकी आणि नवा पलंग होता. गादीवरचे कारखान्याचे प्लास्टिकही काढलेले नव्हते. ही खोली म्हातारीच्या मुलाची. सात वर्षांपूर्वी तो 'उत्तरेला' गेला. तिकडे अमेरिकेचे नाव घेत नाहीत, नुसते उत्तर म्हणतात. तिथून तो पैसे पाठवतो, त्या पैशातून खोली झाली, पलंग आला. ग्वाटेमालाच्या साऱ्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा असा परदेशी गेलेल्यांच्या पैशाचा असतो, आणि त्या डोंगरांतून जाताना तो डोळ्यांना दिसतो. झोपड्यांच्या मधे मधे अशा गुलाबी, पिस्ता रंगाच्या खोल्या. पैसे पाठवणारा मुलगा त्या खोलीत एकदाही निजलेला नव्हता. त्याच्यापाशी कागदपत्रे नाहीत. एकदा इकडे आला तर पुन्हा तिकडे जाता येणार नाही, म्हणून तो येत नाही. म्हातारी रोज सकाळी पलंग झाडते.

हे सगळे नातीने सांगितले आणि पुतण्याने आम्हांला सांगितले. शेवटचे वाक्य सांगून तो म्हणाला, "काका, मी गाडीत झोपतो. सामान आहे." सामान म्हणजे एक डबा चकल्या होत्या, त्याही अर्ध्या. पण मी काही बोललो नाही. बोलता बोलता विचारायचा प्रश्न त्या रात्री मला विचारवला नाही.

सकाळी दरड उपसली गेली. म्हातारीने पैसे घेतले नाहीत, वेलदोड्याची पुरचुंडी मात्र दिली. सौ.ने चहाची उरलेली पूड तिच्या हातात ठेवली. निघताना पुतण्याने मोबाईलवर म्हातारीचे आणि नातीचे छायाचित्र काढले.

त्यानंतर एल साल्वादोर. तिथे महामार्गाजवळ हुकुआपा म्हणून गाव आहे. या गावाचा धंदा शवपेट्या तयार करण्याचा. चाळीत घरोघर पापड लाटतात तशा तिथे घरोघर शवपेट्या होतात. आम्हांला मिळालेली खोली एका सुताराच्या कारखान्यामागे होती आणि तिच्याकडे जायची वाट दोन रांगांत उभ्या केलेल्या पेट्यांमधून जात होती. रात्रभर पॉलिशचा वास. सौ. दारात थबकली. "दुसरी खोली नाही का?" पुतण्याने चौकशी करून सांगितले, "दुसरी आहे, पण तिच्यात माल भरलाय." 

सुतार मात्र मोठा बोलका निघाला. २०१५ च्या आसपास त्या देशात खुनांचे प्रमाण जगातल्या सर्वांत भयंकर प्रमाणांपैकी होते. टोळ्यांचे राज्य होते, आणि पेट्या पुरवता पुरवता गावाला दम लागे. २०२२ च्या मार्चपासून सरकारने आणीबाणी लावून हजारोंनी माणसे तुरुंगात घातली. रस्ते शांत झाले. "धंदा मंदावला, देवाची कृपा!" असे म्हणून त्याने छातीवर क्रूस काढला. धंदा मंदावल्याबद्दल देवाचे आभार मानणारा धंदेवाईक मी आयुष्यात प्रथमच पाहिला. मग जरा थांबून त्याने आवाज खाली घेतला, "माझ्या बहिणीचा मुलगाही आत आहे. त्याने काही केलं नव्हतं." आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

जेवायला त्याच्या बायकोने पुपुसा केल्या. मक्याच्या उंड्यात चीज, वाटलेल्या शेंगदाण्याएवढ्या लाल घेवड्याचे सारण, किंवा लोरोको नावाच्या वेलाच्या कळ्या भरायच्या, हातावर थापायच्या आणि तव्यावर भाजायच्या. बरोबर आंबवलेल्या कोबीची कोशिंबीर. सौ.ने थापायला घेतल्या तेव्हा त्या बाईने भुवया उंचावल्या. तिसऱ्या पुपुसेला त्या खाली आल्या. भाकरी थापणाऱ्या हाताला पारपत्र लागत नाही.

हात सोडून बाकी सगळ्याला मात्र लागते. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत माणसांनी मोकळेपणी ये-जा करावी असा २००६ सालचा करार आहे. पण करार माणसांचा, मोटारीचा नव्हे. मोटारीचे कागद प्रत्येक सीमेवर वेगळे, त्यांच्या तीन तीन प्रती, आणि प्रती काढायचे दुकान रस्त्याच्या पलीकडे. नोटांच्या चळती हातात खेळवणारे सराफ आणि "साहेब, मी करून देतो" म्हणणारे मध्यस्थ यांच्यामधून वाट काढत जावे लागते. मोटार परिवहनाच्या कचेरीत आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांना तिथे परके वाटत नाही. एका सीमेवर मोटारीच्या चाकांवर जंतुनाशकाचा फवारा मारतात आणि त्याचे पैसे घेतात. आमच्या चाकांना सत्यनारायणाच्या तीर्थाइतके मिळाले.

होंडुरासमध्ये चोलुतेका शहराजवळचा पूल पाहिला. (पहिल्या पंथाच्या वाचकांनी हा परिच्छेद आपला समजावा.) जपानच्या मदतीने हा पूल बांधला आणि १९९८ साली तो पुरा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस 'मिच' नावाचे वादळ आले. त्यात हजारो माणसे गेली. पूल मात्र जागचा हलला नाही. पण पुलाच्या दोन्ही बाजूंचे रस्ते वाहून गेले आणि खुद्द नदीनेच पात्र बदलले. कोरड्या जमिनीवर पूल उभा आणि शेजारून नदी वाहते, असा देखावा झाला. काही वर्षांनी तो पुन्हा रस्त्याला जोडण्यात आला.

त्या संध्याकाळी हॉटेले भरलेली. पुतण्याने फोनवर पाहून एक 'ऑटो-होटेल' काढले. फाटकातून आत शिरलो तर काय व्यवस्था! प्रत्येक खोलीला स्वतःचे मोटारघर, मोटार आत गेली की मागे जाड पडदा. कोणी नाव विचारत नाही, पारपत्र मागत नाही. भिंतीत एक फिरते कपाट, त्यातून पैसे द्यायचे आणि त्यातूनच टॉवेल यायचे. सौ. खूष झाली. "बघा, याला म्हणतात सोय! गाडीलासुद्धा पडदा." एवढ्यात कपाटाच्या पलीकडून आवाज आला, "किती तास?" आणि जरा वेळाने, काहीशा काळजीच्या सुरात, "तिघे?" पुतण्याचे कान लाल झाले. मी भिंतीवरचा आरसा पाहत होतो. मग छतावरचाही पाहिला. तेव्हा उलगडा झाला. आम्ही दोघांनी डोळ्यांनीच ठरवले, की काकूला काही सांगायचे नाही. सबंध रात्रीचे पैसे दिल्यावर पलीकडच्या आवाजाने आम्हांला एक साबणवडी जास्त दिली.

पहाटे निघताना सौ.ने पडदा सारला आणि सहज म्हणाली, "वहिनींना यातलं काही सांगू नका. त्या उगाच काळजी करतील." आणि मागच्या बाकावर जाऊन डोळे मिटून बसली. मानाग्वा येईपर्यंत मोटारीत कोणी बोलले नाही.

मानाग्वा ही निकाराग्वाची राजधानी. २३ डिसेंबर १९७२ च्या भूकंपात तिचा मध्यभाग जमीनदोस्त झाला आणि पूर्वीसारखा पुन्हा कधीच उभा राहिला नाही. पण तिथले पत्ते अजून त्या मोडलेल्या शहराचे आहेत. आमच्या मुक्कामाचा पत्ता असा होता: 'जिथे थिएटर होते तिथून दोन चौक तळ्याकडे, एक चौक वर, वीस वारा.' तळ्याकडे म्हणजे उत्तरेला. वर म्हणजे पूर्वेला, कारण सूर्य तिकडून वर येतो. 'वारा' हे जुने स्पॅनिश माप, आपल्या वाराहून थोडे तोकडे. एवढे सगळे कळले, पण थिएटर बावन्न वर्षांपूर्वी पडलेले! ते कुठे होते हे ठाऊक असल्यावाचून घर सापडणार नाही, आणि ते ठाऊक असलेला माणूस भेटला की तो पत्ता सांगत नाही, तिथे लागलेल्या शेवटच्या सिनेमाची गोष्ट सांगतो.

पुतण्या वैतागला. पण मला आपले घरी आल्यासारखे वाटले. धोबीतलावावर तलाव कुठे आहे? चर्चगेटला गेट आहे? नळस्टॉपवर नळ आहे? आपण सगळे रोज नसलेल्या वस्तूंपाशी उतरतो आणि बरोबर घरी पोचतो.

कोस्टा रिकात, १९४८ साली सैन्यच मोडीत काढलेल्या त्या शहाण्यासुरत्या देशातही, तीच तऱ्हा. राजधानी सान होसेमध्ये रस्त्यांना क्रमांक आहेत, पाट्याही लागल्या आहेत. त्या पाहतो कोण? 'जुन्या उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला', असे सांगतात. तो उंबराच्या जातीचा वृक्ष कधीच गेला, पत्त्यात राहिला. शंभर मीटर म्हणजे एक चौक, मग तो साठ मीटरांचा असो की दीडशे.

आम्ही उतरलो त्या घराच्या ओसरीत शेवटच्या संध्याकाळी पुतण्या आणि मी झुलत्या खुर्च्यांवर बसलो होतो. दोन आठवडे संपले होते आणि वहिनीचा प्रश्न माझ्या खिशात तसाच होता. मी घसा साफ केला. त्याच्या आधी तोच म्हणाला, "काका, माझी खाट अजून आहे का हो तिथं?"

"आहे की. वहिनीने गोधडी घालून ठेवलीय. कोणाला बसू देत नाही."

तो बराच वेळ झुलत राहिला. मग म्हणाला, "त्या पोराला येता येत नाही. मला येता येतं." पुढचे वाक्य त्याने काही पुरे केले नाही, आणि मीही ते त्याच्या तोंडात घातले नाही.

जानेवारीत त्याने करारावर सही केली. दोन वर्षांची. वहिनी आठ दिवस कोणाशी बोलली नाही. पण मार्चमध्ये तो पंधरा दिवस घरी येऊन गेला, चार वर्षांनी पहिल्यांदा. बहुतेक वेळ त्याने त्या खाटेवर झोपण्यात घालवला.

म्हातारीचे छायाचित्र सौ.ने मोठे करून, चांगल्या चौकटीत घालून त्याच्याबरोबर दिले. पाकिटावर पत्ता तिने स्वतः लिहिला: 'लांक्विनच्या वाटेवर, जिथे दरड कोसळली होती तिथून वर, वेलदोड्याची भट्टी.' खाली चहाच्या पुडीचे अर्ध्या किलोचे दोन पुडे. दरडीची माती आता तिथे नाही. तरी पुतण्या बरोबर पोचला. वळणावर पोरे खेळत होती, त्यांनी नुसते नाव काढताच जागा दाखवली. म्हातारीने त्याला त्या दिवशी परतू दिले नाही. तिने गुलाबी खोली उघडली, गादीवरचे प्लास्टिक काढले आणि मुलाच्या पलंगावर त्याला झोपवले.

हे त्याने फोनवर सांगितले तेव्हा वहिनी शेजारीच उभी होती. ती एवढेच म्हणाली, "विचार त्याला, पांघरूण होतं का?"